उद्या कोण मोकळं आहे? : आपल्या केंद्रासाठी एक साधी शीट



आज अभ्यासक्रमाबद्दल नाही, तर शाळा उघडी राहण्याबद्दल लिहायचं आहे. विषय साधाच वाटेल, पण माझ्या मते तो गुणवत्तेच्याही आधीचा आहे. वर्गात शिक्षकच नसेल तर गुणवत्ता कुणाची मोजणार?

आमची शाळा दोन शिक्षकी आहे, पहिली ते चौथी. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे प्राथमिकला 60 पटापर्यंत दोन शिक्षक. आमचा पट 38, म्हणजे हिशोब बरोबर आहे. पण हा हिशोब दोघंही हजर असतील त्या दिवसाचा झाला. एक प्रशिक्षणाला आणि दुसरा अचानक रजेवर, असा दिवस वर्षातून दोन-चार वेळा येतोच.

मागच्या जुलैत तसंच झालं. मी तालुक्याला प्रशिक्षणाला होते. पहाटे माझ्या सहकारी सरांच्या घरी अडचण आली. (काय अडचण ते इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.) सरांनी सकाळी सात वाजता केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, 'आज येऊ शकत नाही, पर्यायी शिक्षक मिळावा.' नेमका त्या दिवशी एका गुरुजींचा वाढदिवस होता. सरांच्या मेसेजवर केक, फुलं आणि शुभेच्छांचा ढीग पडला. केंद्रप्रमुख दुसऱ्या शाळेच्या भेटीला घाटात होते, तिथे रेंज नाही.

साडेदहाला मुलं आली. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी कुलूप उघडलं, मुलांना ओळीत बसवलं, पाढे म्हणायला लावले आणि एक डोळा चुलीवर, एक डोळा मुलांवर ठेवून दुपारपर्यंत शाळा सांभाळली. तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी दप्तर घेऊन निघाली आणि एकटीच ओढ्यापलीकडच्या वस्तीवर गेली. आई भातलावणीला, घराला कुलूप. पोर शेजारच्या ओट्यावर बसून राहिली. काही झालं नाही. पण काही झालं नाही हे आमचं नशीब होतं, व्यवस्था नव्हती.

सगळ्यात वाईट गोष्ट मला संध्याकाळी कळली. तीन किलोमीटरवरच्या चार शिक्षकी शाळेतले एक गुरुजी त्या दिवशी सहज येऊ शकले असते. ते म्हणाले, "मॅडम, मी मेसेज एक वाजता बघितला. आणि मला कोणी विचारलंच नाही." त्यांचं खरंच होतं. माणूस होता, तयारीही होती. फक्त तो मोकळा आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

हालचाल रजिस्टर उलटं केलं

आपल्याकडे हालचाल रजिस्टर असतं. कोण कुठे गेलं हे त्यात गेल्यावर कळतं. आम्हाला हवं होतं ते याच्या उलट, म्हणजे गरज पडायच्या आधी कोण येऊ शकतो ते कळणं. केंद्रप्रमुखांशी बोलून आम्ही गुगल शीट केली. चार किंवा त्याहून जास्त शिक्षक असलेल्या शाळांनी पाळीपाळीने रोज एक 'राखीव' शिक्षक द्यायचा. शीटमध्ये रकाने पाचच: दिनांक, शाळा, राखीव शिक्षक, स्थिती आणि 'किती वाजेपर्यंत पोहोचेन'. आदल्या रात्री आठपर्यंत भरायचं.

पहिल्या आठवड्यात स्थितीच्या रकान्यात काय काय आलं! 'हो', 'यस', 'आहे', 'जमेल बहुतेक' आणि आपला आवडता शब्द, 'पाहू'. सकाळी सात वाजता 'पाहू' वाचून करायचं काय? मग त्या रकान्यात ड्रॉपडाउन लावला. पर्याय तीनच: येऊ शकतो, अर्धा दिवस येऊ शकतो, येऊ शकत नाही. रंगही लावून घेतले, हिरवा, पिवळा, लाल. आता वाचायलाही लागत नाही, बघितलं की कळतं.

'अजून एक ऑनलाइन काम?'

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. शालार्थ, सरल, यूडायस करता करता आपण थकलो आहोत. म्हणून आमचा पहिला नियम: नवं ॲप नाही, नवा पासवर्ड नाही. एकच लिंक. ती ग्रुपमध्ये पिन केली, पण व्हॉट्सॲपचा पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो, म्हणून ग्रुपच्या माहितीतही टाकून ठेवली. तिथे ती वाढदिवसांखाली दबत नाही.

शीटच हवी असं काही नाही. चार-पाच जणांचाच गट असेल तर रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पोल टाका, 'उद्या कोण येऊ शकेल?' एवढंच. तेवढ्यानेही भागतं, मात्र पोलसुद्धा मेसेजांखाली जातो. सगळेच गुगल कॅलेंडर वापरत असतील तर ते एकमेकांना दाखवता येतं, आणि त्यात फक्त 'मोकळा की व्यस्त' एवढंच दिसेल अशी सोय आहे. आमच्याकडे कॅलेंडर उघडणारे दोघंच, म्हणून शीट. जिथे रेंज नाही तिथल्या शाळेसाठी एक जण रात्री साडेआठला शीटचा फोटो ग्रुपवर टाकतो. फोटोत वेळ लिहिलेली असते, कारण जुनी माहिती ताजी समजणं हे माहिती नसण्यापेक्षा वाईट.

दुसरा आक्षेप, 'एक फोन केला की काम होतं.' होतं ना! पण फोन कुणाला करायचा? घंटा शीट वाजवत नाही, ती फक्त कुणाला फोन करायचा ते सांगते. हिरवा रंग दिसला म्हणजे माणूस निघाला असं समजू नका. फोन करा, केंद्रप्रमुखांचा होकार घ्या आणि 'निघालो' हा शब्द कानाने ऐका. सकाळी सातला शीट कोण बघणार, हेही आठवड्यागणिक एका नावावर ठरवून ठेवा. सगळ्यांनी बघायचं म्हणजे कुणीच बघायचं नाही.

खरा प्रश्न विश्वासाचा

सुरुवातीला आम्ही एक चूक केली. 'कारण' असा सहावा रकाना ठेवला होता. एका मॅडमनी त्यात प्रामाणिकपणे 'दवाखाना' लिहिलं. दिवसभर त्यांना फोन. काय झालं, कोणता डॉक्टर, काही गोड बातमी का? पुढच्या वेळी त्यांनी रकानाच भरला नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. आम्ही तो रकाना काढला. मग लक्षात आलं की जुन्या नोंदी शीटच्या आवृत्ती-इतिहासात तशाच राहतात आणि संपादन करू शकणाऱ्याला त्या दिसतात. म्हणून नवी कोरी शीट बनवली आणि जुनी पुसून टाकली. रजेचं कारण रजेच्या अर्जात, ते मुख्याध्यापकांना माहीत असावं. चौतीस जणांना 'येऊ शकत नाही' एवढंच पुरे.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. पहिल्या महिन्यात एकच तरुण गुरुजी पाच वेळा गेले. का? ते रोज खरं खरं हिरवं भरायचे. काही जण मात्र कायम लाल. खरं बोलणाऱ्यालाच कामाला जुंपलं तर तोही दोन महिन्यांत लाल भरायला शिकेल! म्हणून नियम केला: जो जाऊन आला त्याचं नाव यादीत सगळ्यात खाली. कोण किती वेळा गेलं हे सगळ्यांना दिसतं. त्यानंतर कायम लाल असणारी नावं हळूहळू हिरवी झाली. कुणी कुणाला बोललं नाही, आकडेच बोलले.

माझं मत स्पष्ट आहे. आपली उपलब्धता सांगणं म्हणजे हजेरी देणं नव्हे. नाही म्हणण्याची मोकळीक असेल तरच 'हो' ला किंमत असते. ही शीट उद्या कुणी शिक्षकांवर नजर ठेवायला वापरली, तर ती त्याच दिवशी खोटी होईल.

आणि एक इशाराही. रिकाम्या पदांवर ही शीट हा इलाज नाही. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 सांगतं. कागदोपत्री दोन आणि प्रत्यक्षात एकच शिक्षक असलेल्या शाळेला रोज राखीव माणूस पाठवत बसलो, तर आपण ते दुखणं झाकतोय. उलट करा. कोणत्या शाळेला महिन्यात किती वेळा माणूस पाठवावा लागला, हे शिक्षण परिषदेत मांडा. तक्रारीपेक्षा अशी यादी जास्त ऐकली जाते.

पालकांसाठी दोन शब्द

शीटची लिंक पालकांना द्यावी असं मला वाटत नाही, ती सहकाऱ्यांमधली गोष्ट आहे. पण शिक्षक बदलून येणार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सकाळीच फोन जायला हवा, आणि पालकांनी तो हक्काने मागावा. आमच्या मावशींकडेही आता दर सोमवारी त्या आठवड्याच्या राखीव शिक्षकांचे नंबर असतात, कागदावर, मोठ्या अक्षरात, स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलेले.

या जानेवारीत पुन्हा तसा दिवस आला. मी बाहेर, सर अचानक रजेवर. सातला शीट बघितली गेली, सव्वासातला फोन झाला. साडेदहाला तेच तीन किलोमीटरवरचे गुरुजी आमच्या शाळेच्या दारात उभे होते. ओढ्यापलीकडची ती मुलगी दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, काल नवे गुरुजी आलेले. त्यांना आपलं गाणंच येत नव्हतं, मीच शिकवलं."

तुमच्या केंद्रात काय करता? याहून सोपा मार्ग असेल तर नक्की सांगा, आम्ही उचलू.