‘ग्राफीन बॅटरी’चं खरं काम खिशात नाही, चाळकेवाडीच्या पठारावर आहे

‘ग्राफीन बॅटरी, मिनिटांत फुल चार्ज’ असं लिहिलेली पॉवर बँक तुम्ही ऑनलाइन पाहिली असेलच. आत बहुतेक वेळा नेहमीचीच लिथियम-आयन बॅटरी असते. ग्राफीन असलंच तर वीज नीट वाहावी म्हणून चिमूटभर मिसळलेलं. मग एवढा गाजावाजा कशाचा?

ग्राफीन म्हणजे ग्राफाइटचा फक्त एका अणूइतका जाड थर. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो 2004 मध्ये चक्क चिकटपट्टीने सोलून काढला. अशा थरांना द्विमितीय पदार्थ म्हणतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात सापडलेलं मॅक्सीन हे त्यांच्यातलंच. एक ग्रॅम ग्राफीनचं दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ कागदावर 2630 चौरस मीटर भरतं. आपल्या भाषेत 26 गुंठे! प्रत्यक्षात मात्र थर पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि बरीचशी ‘जमीन’ वाया जाते.

सुपरकपॅसिटरमध्ये आयन या पृष्ठभागावर नुसते येऊन बसतात आणि उठून जातात. म्हणून तो सेकंदांत चार्ज होतो, लाखो वेळा चालतो. पण बसायला जागा पृष्ठभागावरच. लिथियम मात्र पदार्थाच्या आत घुसतं, त्यामुळे साठा खूप जास्त. हिशोब करा: 5000 एमएएचच्या फोनमध्ये साधारण 19 वॉट-तास ऊर्जा असते. बाजारातले सुपरकपॅसिटर किलोमागे 5 ते 10 वॉट-तास देतात. म्हणजे तुमच्या फोनला दोन ते चार किलोचं ओझं. खिसा फाटेल राव.

आता सातारा-सांगलीकडे या. चाळकेवाडी, वनकुसवडे, ढालगाव इथल्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. ग्रिड अचानक गेलं की पाती वळवून वाऱ्याचा जोर चुकवावा लागतो. त्यासाठी काही सेकंद जोरदार वीज हवी, तीही उंच मनोऱ्यावर, जिथे दर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलणं म्हणजे डोकेदुखी. जगभरातल्या अनेक पवनचक्क्यांत या कामाला सुपरकपॅसिटर वापरतात. त्यांत सध्या सच्छिद्र कार्बन असतो. द्विमितीय थरांना पहिली नोकरी मिळाली तर अशाच ठिकाणी, असं मला वाटतं.

आणि हे संशोधन परकं नाही. सातारा-सांगलीतली बरीच कॉलेजं ज्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली आहेत, तिथे प्रा. चंद्रकांत लोखंडे यांच्या गटाने सुपरकपॅसिटरसाठी पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांची एक पद्धत अगदी स्वस्त: बीकरमध्ये रसायनांचं द्रावण, त्यात स्टीलची पट्टी, तिच्यावर हळूहळू थर जमतो.

अशा शोधांच्या बातमीत ‘प्रति ग्रॅम इतके फॅरड’ असा आकडा असतो. तो बहुधा फक्त त्या थराच्या वजनावर काढलेला असतो आणि थर असतो जेमतेम काही मिलीग्रॅम. पट्टी, द्रव, डबी यांचं वजन त्यात धरलेलं नसतं. पुढची बातमी वाचताना पूर्ण सेलचा आकडा दिलाय का, तेवढं बघा.