दीडशे कोटींचं तुणतुणं

'दीडशे कोटी लोकसंख्या आणि अकरा माणसं मिळत नाहीत.'

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला हे वाक्य येतंच. पाचोऱ्यात स्टेशनबाहेर चहा पिताना येतं, पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये येतं. काका म्हणतात, शाळेतले मित्र म्हणतात, मॅनेजर म्हणतो. म्हणणाऱ्यानं भारताचा शेवटचा सामना पाहिलेला नसतो. समोरचा मान हलवतो, कारण त्यानंही पाहिलेला नसतो. विषय संपतो आणि दोघांनाही आपण काहीतरी खोल बोललो असं वाटतं.

माझ्या मते भारतीय फुटबॉलबद्दल यापेक्षा आळशी वाक्य दुसरं नाही. आणि ते निरुपद्रवीही नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ चंच घ्या. ढाक्यात बांगलादेशनं आपल्याला १-० हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आपल्याकडे दुसरी सकाळ उजाडेपर्यंत बातमी आली की कुरासाव नावाचं कॅरिबियन बेट वर्ल्ड कपला पात्र ठरलं. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे पाचोरा आणि चाळीसगाव ही दोन शहरं एकत्र केली तर जवळपास तेवढी. झालं, दिवसभर फोनवर तेच फॉरवर्ड. बघा, एवढंसं बेट, आणि आपण!

त्या बेटाच्या संघातले जवळजवळ सगळे खेळाडू नेदरलँडमध्ये जन्मले आणि तिथल्याच क्लबांत शिकले, हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. कोचही तेव्हा डच होता, डिक ॲडव्होकाट. त्या यशाचा बेटावरच्या डोक्यांच्या संख्येशी फारसा संबंध नाही. आपल्या अपयशाचाही आपल्या डोक्यांच्या संख्येशी नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नसल्यामुळे परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला आपल्यासाठी खेळायचं तर पासपोर्टच बदलावा लागतो. रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला तेव्हा कुठे तो भारतीय झाला. यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते बोलायला माहिती लागते, आणि तुणतुण्याला एकच तार पुरते.

मुळात हे दीडशे कोटी आणले कुठून? छेदात कोण धरायचं ते आधी ठरवा. ज्याला लहानपणी बॉल मिळाला, मैदान मिळालं, शिकवणारा मिळाला आणि वर्षाला वीस-पंचवीस खरे सामने मिळाले, तो छेदात. या हिशेबात पाचोरा तालुक्याचा आकडा किती? शून्य म्हटलं तर फार चुकणार नाही. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांच्या वर होती. तीही सगळी या दीडशे कोटींत मोजायची आणि मग 'अकरा मिळत नाहीत' म्हणून कपाळावर हात मारायचा!

आमच्याकडे मैदान म्हणजे क्रिकेटचं, तेही टेनिस बॉलचं. कपाशीची वेचणी उरकत आली की स्पर्धा सुरू होतात, बॅनर लागतात, माइकवर कॉमेंट्री चालते. तिसऱ्या नंबरला कोण जाणार यावरून दोन गल्ल्यांत आठवडाभर बोलणं बंद होतं. फुटबॉल म्हटलं की, 'कोन देखस रे भो?' १५ सप्टेंबर २०१७ ला, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपच्या तोंडावर, राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन' केलं होतं. शाळाशाळांना फुटबॉल वाटले आणि एकाच दिवशी दहा लाख मुलांनी खेळावं असा बेत आखला. माझ्या चुलतभावाच्या शाळेतही बॉल आले. त्या दिवशी मुलं खेळली, फोटो निघाले, आणि बॉल कपाटात गेले. एका दिवसात छेद वाढत नसतो.

इथवर वाचून काही जण खूश झाले असतील. 'बरोबर, हेच तर आम्ही म्हणतो! मुळापासून सुरुवात करायला हवी. ४-३-३ की ४-४-२, छेत्री खेळवायचा की नाही, या वादाला काही अर्थ नाही. सिस्टिमच सडलेली आहे.' ही दीडशे कोटीवाल्यांची शिकलेली आवृत्ती. माझं खरं भांडण यांच्याशीच आहे.

जुलै २०२३ मध्ये भारत फिफा क्रमवारीत ९९ व्या स्थानावर होता. २०२५ च्या नोव्हेंबरात १४२ व्या. सव्वादोन वर्षांत त्रेचाळीस पायऱ्या खाली. या काळात लोकसंख्या घटली का? मैदानं गायब झाली? सडलेली सिस्टिम २०२३ मध्ये ताजी होती की काय? जे बदललंच नाही, ते बदलाचं कारण असू शकत नाही. इंजिनिअरिंगला न जाताही हे कळतं. सर्व्हर काल चालत होता आणि आज पडला, तर 'आपलं आर्किटेक्चरच जुनं आहे' हे वाक्य खरं असतं आणि बिनकामाचं असतं. कालपासून आजपर्यंत कुणी काय बदललं, ते आधी बघायचं असतं.

तर काय बदललं? २०२३ चं ९९ थोडं फुगवलेलं होतं हे मान्य. इंफाळ, भुवनेश्वर, बंगळूर, तिन्ही स्पर्धा घरच्या मैदानावर जिंकल्या होत्या. पण त्याच नोव्हेंबरात आपण कुवेतमध्ये जाऊन कुवेतला १-० हरवलं, मनवीर सिंगच्या गोलवर. त्यानंतर थेट ४८९ दिवस एकही विजय नाही. २०२४ हे अख्खं वर्ष कोरडं. जानेवारीत आशियाई चषकात तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. जूनमध्ये कोच इगोर स्टिमॅक गेले. त्यांच्या जागी मनोलो मार्केझ आले, आणि पहिला पूर्ण हंगाम ते एफसी गोवा आणि भारत असे दोन संघ एकाच वेळी सांभाळत होते. देशाचा संघ पार्टटाइम! हा निर्णय कुणीतरी नाव-गाव असलेल्या माणसांनी बैठकीत बसून घेतला. त्याला 'सिस्टिम' म्हटलं की त्या माणसांची सुटका होते.

आता संघनिवडीच्या वादाकडे या, ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता. नऊ नंबरला कोण? सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध ३-० जिंकलो, त्यात त्याचा पंच्याण्णवावा गोल. वय चाळीस. 'देवमाणूस आहे' म्हणणारे एकीकडे, 'पोरांची जागा अडवतोय' म्हणणारे दुसरीकडे. हा वाद फालतू आहे? मग पुढचा प्रश्न विचारून बघा. मार्केझनी चाळिशीच्या माणसाला का बोलावलं? कारण त्या आयएसएल हंगामात त्यानं तोवर १२ गोल केले होते आणि दुसऱ्या कुठल्याही भारतीयाला तेवढे जमले नव्हते. का जमले नव्हते? कारण आपल्या बहुतेक क्लबांत मधल्या स्ट्रायकरची जागा परदेशी खेळाडूची. लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी चालत, मग पाच, २०२१-२२ पासून चार. आकडा घटला तरी पुढची जागा त्यांचीच राहिली, कारण गोल विकत घ्यायला सोपे पडतात. आपला भारतीय स्ट्रायकर एक तर विंगवर ढकलला जातो, नाहीतर ऐंशीव्या मिनिटाला उतरतो.

बघा, छेत्रीच्या भांडणातून आपण कुठे पोचलो. लीगच्या नियमापर्यंत, क्लबांच्या खर्चापर्यंत. ज्या 'सिस्टिम'बद्दल तुम्ही हवेत बोलत होता, तिचा एक ठोस स्क्रू हाताला लागला. अकरा नावांवरून नीट भांडलं की असंच होतं.

१० जून २०२५, हाँगकाँग. छेत्री बाकावर, दुसऱ्या हाफमध्ये उतरला. आशिक कुरुनियननं समोर मोकळा गोल असताना चेंडू बाहेर मारला. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी, ०-१. गटातून एकच संघ आशियाई चषकाला जाणार होता, त्यामुळे हा एक गुण फार महागात गेला. मला स्वतःला छेत्री बाकावर हवाच होता, तो निर्णय योग्य होता असं मी आजही म्हणतो. चाळिशीच्या पायांना साठ मिनिटं प्रेसिंग करायला लावून मग गोल मागण्यात अर्थ नाही. पण त्याच्या जागी पहिल्यापासून अस्सल स्ट्रायकर हवा होता. पुढे खालिद जमील आले, तब्बल तेरा वर्षांनी भारतीय कोच. पहिल्याच सामन्यात ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं. आनंद झालाच. पण गोल कुणाचे? अन्वर अली आणि संदेश झिंगन. दोघेही बचावपटू. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरविरुद्ध छांगटेनं आघाडी दिली, मग साँग उई-यंगचे दोन गोल, आणि आपण चषकाबाहेर. एवढं सगळं समोर असताना दीडशे कोटी मोजत बसायचं?

'चांगला संघ निवडून असा काय फरक पडतो?' याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ धुतलं. चारच वर्षांनी मेलबर्नला आपण चौथे आलो आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले. तो सेंटर बॅक. कोच सय्यद अब्दुल रहीमनी काय केलं? त्याला बाहेर बसवलं नाही, सेमीफायनलला थेट सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवलं. त्यानं त्या सामन्यात गोल केला, फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्धही केला. २-१, सुवर्णपदक. 'मैदान' पाहून डोळे पुसणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते पदक एका संघनिवडीच्या निर्णयावर उभं आहे. तेव्हाही गरिबी होती, मैदानं नव्हती, आणि लोकसंख्या तर आजच्या एक तृतीयांशाहून कमी. टपरीवरच्या गणितानं पदक मिळायलाच नको होतं.

आपण प्रश्न विचारत नाही तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये 'इंडियन एक्सप्रेस'नं बातमी दिली की आदल्या वर्षी आशियाई चषकाच्या पात्रता सामन्यांच्या वेळी राष्ट्रीय संघाचे कोच खेळाडूंची यादी एका ज्योतिषाला पाठवून कुणाचे ग्रह कसे आहेत ते विचारत होते. चार दिवस विनोद झाले. मला त्यात विनोदापेक्षा वेगळंच दिसलं. राइट बॅक कोण, या प्रश्नात देशात कुणाला तरी इतका रस होता! लाखो चाहत्यांनी प्रत्येक नावाचा जाब मागितला असता, तर ग्रहांची यादी खिशातून काढायला कोचला जड गेलं असतं.

आता माझ्याच वयाच्या दोस्तांबद्दल. रात्री दीडला चॅम्पियन्स लीग बघणारे. आर्सेनलचा फुलबॅक आत येऊन मिडफिल्डर कसा होतो, हे चहाच्या टेबलावर बिस्किटं मांडून समजावणारे. राहुल भेके कोण, हे त्यांना सांगता येत नाही. मुंबईचा आहे भाऊ, देशाचा बचावपटू आहे, तुझ्या-माझ्या राज्यातला आहे. 'दर्जा नाही रे, बघवत नाही,' हे त्यांचं उत्तर. दर्जा नाही हे मलाही दिसतं. पण तुमच्या आर्सेनलला तुमच्या मताची गरज नाही, तिथे त्यासाठी लंडनमध्ये साठ हजार लोक बसलेत.

कोल्हापूरला जाऊन बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठापेठांत अकरा नावांचा कीस पडतो. याला का बसवला, त्याला का काढला, अमका गेल्या वर्षी पलीकडच्या संघातून खेळत होता. कधीकधी प्रकरण हातघाईवर जातं, ते मला नकोय. पण त्या कीस पाडण्यातून खेळाडूला कळतं की कुणीतरी बघतंय. अनिकेत जाधव तिथलाच, २०१७ च्या त्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. कोल्हापूरकर 'अकरा मिळत नाहीत' म्हणत नाही. त्याच्याकडे चौदा असतात आणि तिघांना वगळल्याबद्दल तो रागावलेला असतो.

आमच्या कामात तक्रारीला तिकीट म्हणतात. 'सगळंच बंद आहे' असं तिकीट आलं की ते कुणाच्याच नावावर जात नाही. महिनोन्‌महिने पडून राहतं आणि शेवटी कुणीतरी गुपचूप बंद करतं. 'लॉगिनचं बटण सेव्हच्या जागी गेलंय, मंगळवारपासून' असं आलं की संध्याकाळपर्यंत एका माणसाला उत्तर द्यावं लागतं. फेडरेशनला तुमच्या दीडशे कोटीवाल्या तिकिटाची मुळीच भीती नाही. उलट ते सोयीचंच आहे, कारण त्यात दोष सगळ्या देशाचा.

म्हणून पुढच्या सामन्याआधी मला तुमचं 'सिस्टिम'बद्दलचं मत नको. नऊ नंबरला कोण ते सांगा. मी म्हणतो गोव्याचा इरफान याडवाड, आणि पहिली सत्तर मिनिटं त्यालाच, चुकला तरी त्यालाच. छांगटेला उजवीकडे ठेवा, डाव्या पायानं आत येऊ द्या. मनवीरला मधे आणायचा मोह टाळा. तुम्हाला मनवीरच हवा असेल तर या, पण कारण घेऊन या.