मालधक्का मेला नाही, त्याला जन्मच नाकारला गेला : रत्नागिरी आणि रेल्वेची मालवाहतूक (दीर्घ सूत्र)

१/ ‘ट्रक आले आणि रेल्वेची मालवाहतूक हरली’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की ते इतिहास वाटू लागते. माझे म्हणणे उलट आहे. व्यापाऱ्याने रेल्वे सोडण्याआधी रेल्वेने लहान व्यापाऱ्याला सोडले, आणि त्याची सर्वांत बोलकी साक्ष रत्नागिरी देते.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १९५०-५१ च्या सुमारास देशातील रस्ता व रेल्वे मिळून होणाऱ्या मालवाहतुकीचा चार-पंचमांशाहून अधिक भाग रेल्वे वाहत होती. आज तिचा वाटा एकतृतीयांशाहूनही कमी आहे. त्या जुन्या व्यवस्थेचा कणा म्हणजे गावोगावचा मालधक्का. कोणी एक वाघीण भरे, कोणी चार पोती आणून पावती फाडे. वाघिणी यार्डात जोडल्या-तोडल्या जात आणि आठवड्या-पंधरवड्याने का होईना, माल पोहोचे.

३/ ही व्यवस्था संथ होती. वाघिणी यार्डात दिवसेंदिवस अडकत, माल फुटे, चोरीस जाई; तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात रेल्वेने त्यावर उपाय केला तो असा : फुटकळ माल हळूहळू बंद, सुटी वाघीण नकोशी, आणि आरंभापासून अखेरपर्यंत एकाच ग्राहकाची पूर्ण गाडी. कोळसा, लोहखनिज, सिमेंट, खत यांसाठी हा निर्णय लाभाचा ठरला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

४/ आता रत्नागिरीकडे वळू. अर्जुन बळवंत वालावलकरांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत आवाज उठवला, मधु दंडवते यांनी तो पुढे नेला. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली डोंगर फोडले गेले, रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा झाला, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. हा मार्ग रत्नागिरीत पोहोचेपर्यंत रत्नागिरीकरांची ‘जवळची’ रेल्वे आंबा घाट चढून कोल्हापुरास होती.

५/ सनावळी नीट पाहा. रूळ आले तेव्हा फुटकळ मालाचे युग संपत आले होते. आमच्या पिढ्यांनी जी रेल्वे मागितली ती आगबोटीसारखी होती, म्हणजे ज्याच्याकडे जेवढा माल तेवढा चढवणारी. मिळाली ती पूर्ण गाडीचीच भाषा समजणारी.

६/ हिशेब करून पाहू. बंद वाघिणींची जुन्या पद्धतीची पूर्ण गाडी म्हणजे चाळीस-बेचाळीस वाघिणी, सुमारे अडीच हजार टन. हापूसची पेटी वीस किलोची धरली, तर केवळ वजनाच्या हिशेबाने सव्वा लाख पेट्या! बागायतदाराच्या हाती एका तोडणीला पन्नास-शंभर पेट्या असतात. त्याने काय करावे? प्रवासी गाडीच्या सामानडब्यात, ती फलाटावर मोजकी मिनिटे उभी असताना, पेट्या कोंबाव्यात? तो संध्याकाळी ट्रक भरतो आणि पहाटे वाशीच्या बाजारात असतो. याला रेल्वेचा पराभव म्हणणाऱ्यांनी आधी सामना कुठे झाला ते दाखवावे.

७/ शिवाय भाडे. मार्ग कर्जरोख्यांतून उभारलेला, म्हणून आकारणी प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरून होत आली. कर्ज फेडायचे होते हे खरे. पण ट्रकवाला किलोमीटर वाढवून सांगत नाही. (सांगितले तरी घासाघीस करता येते.)

८/ मग ‘रो-रो’चे काय? १९९९ पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला, पुढे सुरतकलला नेते. डिझेल वाचते, घाटातील अपघात टळतात. कल्पना उत्तमच आहे. परंतु तिच्याकडे विजय म्हणून पाहणाऱ्यांना मी विचारतो : ग्राहक कोणाचा? माल ट्रकवाल्याचा, भाव ट्रकवाल्याचा. रेल्वे केवळ पाठ भाड्याने देते. आणि ते ट्रक रत्नागिरीच्या दारातून पुढे निघून जातात.

९/ ‘नाशवंत फळ रेल्वेला झेपत नाही’ हा आक्षेप ठाऊक आहे. २०२० च्या टाळेबंदीत विशेष पार्सल गाड्यांनी रत्नागिरीहून आंबा नेला. रस्ते ओस पडले तेव्हा जे जमले, ते एरवी का जमू नये? एकेरी मार्ग हे खरे कारण आहे. रोहा–वीर वगळता दुहेरीकरण झालेले नाही. पण तेही कोणीतरी ठरवलेलेच आहे.

१०/ मोठ्या मालाचीही कथा वेगळी नाही. जयगड बंदराला डिंगणीशी जोडणाऱ्या मार्गाचा करार २०१५ मध्ये झाला, रूळ नाहीत. चिपळूण–कराड कागदावर. दरम्यान मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ रखडले आणि सारा भार त्याच अर्धवट रस्त्यावर पडत राहिला.

११/ २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. अटी गाजल्या त्या दोन : राज्याचे भांडवल परत मिळावे आणि ‘कोकण रेल्वे’ हे नाव टिकावे. रत्नागिरी, चिपळूण, खेड येथे पाच-दहा वाघिणींचा माल स्वीकारणारा धक्का हवा, हंगामात ठरलेल्या वेळेची पार्सल गाडी हवी, अशी अट कोकणातल्या कोणत्या लोकप्रतिनिधीने जाहीरपणे घातली, हे आपापल्या आमदार-खासदारांना विचारून इथे खाली लिहा.