मित्राची गोळी नको, मित्राचे पुस्तक घ्या

आपल्याकडे औषधांची देवाणघेवाण फार चालते. शेजारच्या काकूंना गुडघेदुखीवर एखादी गोळी लागू पडली, की आठवड्याभरात ती गल्लीतल्या चार घरी पोचते. “मला गुण आला, तुम्हीही घेऊन पाहा,” असे सांगण्यात हेतू चांगलाच असतो. परंतु एकाची दुखण्यावरची गोळी दुसऱ्याच्या मूत्रपिंडाला बाधते, तिसऱ्याचा दमा उसळवते. म्हणून आम्ही डॉक्टर मंडळी घसा कोरडा करून सांगत असतो, की दुसऱ्याचे औषध घेऊ नका. तो सल्ला आजही कायम आहे.

मात्र एक वस्तू अशी आहे, की ती मित्राने मित्राला, मैत्रिणीने मैत्रिणीला अवश्य द्यावी. ती म्हणजे स्वतः वाचलेले आणि आवडलेले पुस्तक. आरोग्याच्या सदरात पुस्तकांचे काय काम, असे काही वाचकांच्या मनात येईल. काम आहे, आणि ते केवळ करमणुकीपुरते नाही.

एकटेपणा हा आजारच समजा

जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये एकटेपणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे आठ लाख एकाहत्तर हजार भरते, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी २०१० साली अमेरिकेत १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक माणसांचा एकत्रित आढावा घेण्यात आला होता. ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट, त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता.

वाचनाबद्दलही असाच एक अभ्यास आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी पन्नाशीपुढच्या ३,६३५ माणसांची माहिती १२ वर्षे तपासून २०१६ साली मांडली. पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. शिक्षण, उत्पन्न आणि आधीची प्रकृती यांचा हिशेब धरूनही हा फरक राहिला. अर्थात अशा अभ्यासाने, पुस्तक वाचले म्हणून आयुष्य वाढले, असे सिद्ध होत नाही. ब्लडप्रेशरची गोळी बंद करून कादंबरी हाती घ्या, असे मी मुळीच सांगणार नाही. पण वाचन आणि मैत्री या दोन्ही गोष्टी प्रकृतीला मानवतात, एवढे म्हणायला हरकत नाही. या दोन्ही एकाच कृतीत साधतात, ती कृती म्हणजे पुस्तक सुचवणे.

निवृत्त मंडळींचे कट्टे आपण सगळेच पाहतो. तिथे बोलण्याचे विषय ठरलेले असतात. कोणाची साखर किती, कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन कुठे झाले, कोणाची सून काय म्हणाली. रोज दुखण्याचीच उजळणी केली तर दुखणे मोठे होते, हे वैद्यकीय सत्य आहे. त्याच कट्ट्यावर एकाने विचारले, “काय हो अण्णा, सध्या काय वाचताय?” तर बोलणे शरीरातून बाहेर पडते. अण्णा सांगू लागतात, दुसरा हरकत घेतो, तिसऱ्याला त्यावरून तिसरेच काही आठवते. एका गावातल्या भिशीच्या बायका मला ठाऊक आहेत. जिच्या नावाची चिठ्ठी निघते, तिने पुढच्या महिन्यात एक पुस्तक आणायचे आणि त्याबद्दल दहा मिनिटे बोलायचे, असा त्यांचा नियम आहे. या बायका “कमरेतून कळ येते” याच्या पलीकडचे बोलतात, आणि पुढच्या भिशीची वाट पाहतात. वाट पाहण्यासारखे काहीतरी असणे, हे मनाच्या प्रकृतीचे फार चांगले लक्षण आहे.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. श्रावणात एकाने पोथी वाचायची आणि आळीने ऐकायची, हा सामुदायिक वाचनाचाच प्रकार. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू झाली. त्यात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि अनेक लहान गावांत अनुदानित वाचनालये आहेत. म्हणजे सोय आहे. उणीव आहे ती हाताला धरून तिथे नेणाऱ्या माणसाची. “वाचत जा” असे डॉक्टरने सांगून कोणी वाचत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. “हे वाचताना तुझी आठवण झाली,” असे मित्राने सांगितले तर निदान दहा पाने तरी वाचली जातात.

पुस्तक देण्याचेही पथ्य आहे

इंग्लंडमध्ये २०१३ सालापासून अशी योजना चालते, की सौम्य मानसिक त्रासात डॉक्टर ठराविक पुस्तकांची शिफारस करतात आणि रोगी ती सार्वजनिक वाचनालयातून घेतो. ती यादी तज्ज्ञांनी तपासलेली असते. आपण मित्र म्हणून पुस्तक सुचवतो तेव्हा असा आडपडदा नसतो. म्हणून औषध लिहून देताना आम्ही जे पाहतो, ते आपणही पाहावे.

पहिले म्हणजे माणूस पाहावा. आपल्याला आवडले ते त्याला आवडेलच असे नाही. जन्मभर शेती केलेल्या माणसाला ‘एक होता कार्व्हर’ द्यावे. वीणा गवाणकरांचे हे पुस्तक १९८१ पासून याच रीतीने, या हातातून त्या हातात जात राहिले आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. हृदयविकाराच्या झटक्यातून घरी आलेल्या माणसाला महिन्या-दोन महिन्यांनी डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ द्यायला माझी हरकत नसते. २००० साली आलेल्या या पुस्तकात एका डॉक्टरने स्वतःच्याच रोगाकडे आणि राहणीकडे पाहिले आहे. आहार, व्यायाम, मनाचा ताण याविषयी आम्ही दहा मिनिटांत जे सांगतो ते पायरी उतरेपर्यंत विसरले जाते. तेच पुस्तकातून सावकाश मुरते. घरात दारूचा प्रश्न असेल तर अनिल अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’ त्या घरातल्या बाईला, आईला धीर देते, कारण हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत हे त्यातून कळते. मात्र कॅन्सरचे निदान कालच झाले असेल, तर आज त्याच रोगावरचे जाड पुस्तक घेऊन भेटायला जाऊ नये. त्या वेळी विनोदी पुस्तक किंवा रिकामे हात अधिक बरे.

तिसरे प्रमाण. आजारी माणसाला पातळ, मोठ्या टाइपाचे, उचलायला हलके पुस्तक द्यावे. छातीवर सहाशे पानांचा ठोकळा घेऊन कोणी वाचू शकत नाही.

चौथे म्हणजे तगादा लावू नये. “वाचलेत का? कुठवर आलात?” असे दर भेटीत विचारले तर मित्र रस्ता बदलतो. अर्धे वाचून परत केलेले पुस्तक हाही बोलण्याचा विषय होऊ शकतो.

ही पुस्तके जपून

आता धोक्याचे सांगतो. मित्रमंडळींत सर्वांत वेगाने फिरणारी पुस्तके आरोग्याची असतात, आणि त्यांतली काही गोळीपेक्षा घातक असतात. “मधुमेह कायमचा बरा”, “औषधाशिवाय ब्लडप्रेशर” असे मुखपृष्ठावर छापलेले असते. हल्ली पुस्तकही लागत नाही, त्यातले एक पान व्हॉट्सअॅपवर येते. माझ्या पाहण्यातल्या एका गृहस्थांनी असे पुस्तक मित्राकडून आणून वाचले आणि इन्शुलिन थांबवले. पाचव्या दिवशी उलट्या, धाप आणि गुंगी अशा अवस्थेत त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. ते वाचले. मित्र मात्र अजून त्यांच्या घरी जायला संकोचतो.

कसोटी सोपी आहे. जे पुस्तक चालू औषध परस्पर बंद करायला सांगते, जे एकाच उपायाने सगळे रोग बरे होतात म्हणते, आणि ज्यात डॉक्टरला विचारू नका असे सुचवलेले असते, ते पुस्तक पुढे देऊ नये. शंका असेल तर पुस्तकच दवाखान्यात घेऊन या. आम्हाला राग येत नाही.

उत्तर बदलले तर सावध व्हा

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी ठेवली आहे. “सध्या काय वाचताय?” हा प्रश्न नियमाने विचारणाऱ्या मित्राच्या हाती, नकळत, रोग ओळखण्याचे साधन असते. वाचणारा माणूस वाचायचे सोडतो तेव्हा त्याला काहीतरी कारण असते. घरच्यांना ते कळत नाही, कारण पुस्तक हातात नसल्याने कोणाची गैरसोय होत नाही. “आता वय झाले” म्हणून विषय संपतो. बहुतेक वेळा वय हे खरे कारण नसते.

पहिले कारण डोळे. चाळिशीचा चष्मा सगळ्यांना लागतो, पण त्याचा नंबर वर्षानुवर्षे तोच ठेवणारे पुष्कळ आहेत. अक्षर पुसट दिसते, दिव्याभोवती वलये दिसतात, तेव्हा मोतीबिंदूची शंका घ्यावी. ते ऑपरेशन आज लहान आहे आणि सरकारी रुग्णालयांत मोफत होते. काचबिंदू दुखत नाही, हळूहळू नजर चोरतो. मधुमेहींनी तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घेतलाच पाहिजे.

दुसरे कारण मन. “हल्ली वाचावेसेच वाटत नाही”, “तेच पान चार वेळा वाचतो, डोक्यात शिरत नाही” ही वाक्ये मित्रालाच ऐकायला मिळतात. त्याबरोबर पहाटे लवकर जाग येणे, भूक मंदावणे, वजन उतरणे, कशातच रस न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक चालले, तर ते नैराश्य असू शकते. म्हातारपणी नैराश्य रडत येत नाही, अंगदुखीचे, पोटाच्या तक्रारीचे सोंग घेऊन येते. कधी थायरॉइड मंदावलेले असते, शाकाहारी माणसांत कधी बी-१२ कमी असते. दोन्ही रक्ताच्या तपासणीत कळतात. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मन मोकळे करायला केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. मित्राने जगण्याचाच कंटाळा आल्याचे सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तिसरे कारण मेंदू. कादंबरीतल्या पात्राचे नाव विसरणे हे कोणाच्याही बाबतीत घडते. पण कालच सांगितलेले पुस्तक आज पुन्हा नव्याने सांगणे, किंवा वाचून संपवलेले पुस्तक प्रथमच हाती घेतल्यासारखे सुरू करणे, हे वारंवार होऊ लागले तर स्मृतिभ्रंशाची तपासणी करावी. स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ साली सांगितली. त्यांत ऐकू कमी येणे, उपचार न केलेले दृष्टिदोष आणि माणसांपासून तुटणे ही तिन्ही आहेत. आणि सकाळी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दुपारी अक्षरांचा अर्थच लागेना, ओळीची सुरुवात सापडेना, असे अचानक झाले तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे चष्म्याच्या दुकानात जाऊन वेळ दवडू नये. थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

ज्यांना वाचताच येत नाही किंवा डोळ्यांनी साथ सोडली आहे, त्यांना वाचून दाखवावे. त्यात दोघांचेही भले आहे.

एवढे वाचून झाल्यावर एक काम करा. तुमच्या कपाटात कोणाचे तरी पुस्तक नक्की पडून असेल, पहिल्या पानावर त्याचे नाव आणि तारीख असेल. दोन वर्षे झाली असतील, पाचही झाली असतील. लाजू नका. येत्या रविवारी ते घेऊन त्याच्या घरी जा, उशिराबद्दल चार शब्द ऐकून घ्या, आणि सध्या काय वाचतोस ते विचारा. उत्तर नीट ऐका. “काही नाही रे, सोडले वाचणे” असे तो म्हणाला, तर चहा घेऊन लगेच उठू नका. केव्हापासून, ते विचारा.