मेळघाटातली रेंज
मोबाइलचा सिग्नल डेसिबल-मिलिवॅटमध्ये मोजतात. उणे 70 म्हणजे उत्तम, उणे 110 च्या खाली आवाज तुटू लागतो. अकोल्याकडच्या सपाट पूर्णाखोऱ्यात एका टॉवरची रेंज लांबवर जाते. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात मात्र गाविलगडचे डोंगर लहरींच्या आड येतात. दरीतल्या गावात न लागणारा फोन टेकडीवर चढले की लागतो. 700 मेगाहर्ट्‌झच्या लहरी 3500 च्या लहरींपेक्षा दूर पोचतात, झाडीतूनही बऱ्या निघतात. डोंगरापुढे त्यांचेही फारसे चालत नाही. क्षीण रेंजमध्ये फोन जादा जोर लावतो, म्हणून बॅटरी लवकर उतरते. अडलेल्या बाईसाठी रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक लावायला टेकडी गाठावी लागणे, हे यातले सर्वांत मोठे दुखणे. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात टॉवरला वनविभागाची परवानगी, अखंड वीज आणि मुख्य जाळ्याशी जोडणी, तिन्ही लागतात.