एका कानाची तक्रार

गाठ कर्करोगाची नाही, एवढे ऐकले की घरची माणसे निःश्वास सोडतात. श्रवण व तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूवरील गाठीबाबत मात्र एवढे समाधान पुरेसे नाही. ती सावकाश वाढते, आधी श्रवण हिरावते आणि पुढे मेंदूवर दाब आणू शकते. तरुण वयात ती दोन्ही बाजूंना झाल्यास मूळ बहुधा २२व्या गुणसूत्रातील दोषात असते. सुमारे निम्म्या रुग्णांच्या घराण्यात हा विकार पूर्वी नसतो. त्यामुळे 'आमच्यात असे कोणाला नाही' हा दिलासा फसवा ठरतो.

एका कानाने कमी ऐकणारा मुलगा वर्गात बेपर्वा ठरतो. हरमलच्या किनाऱ्यावर होडीत तोल जाणाऱ्या तरुणाकडे लोक भलत्याच संशयाने पाहतील. विकार दुर्मीळ आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण एकाच कानाचे ऐकणे मंदावले, कानात सतत गुणगुण राहिली, तर तपासणी झालीच पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. पेडणे तालुक्यातील शाळांत ती प्रत्येक कान वेगळा तपासून व्हावी आणि संशयित मुलास बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पोचविण्याची जबाबदारी आरोग्य खात्याने घ्यावी. गेलेले श्रवण सहसा परत येत नाही. उरलेले राखण्यासाठी निदान वेळेवर हवे.