रंगारी द्राक्षाची गोष्ट

आमच्या शेजारची मुलगी तिबिलिसीला डॉक्टरकी शिकते. काळ्या समुद्राकाठच्या जॉर्जिया देशात आपल्याकडची पुष्कळ मुले हल्ली त्यासाठी जातात. सुट्टीत आली तेव्हा तिने मेणबत्तीसारखा दिसणारा, काळपट जांभळा खाऊ आणला. दोऱ्यात अक्रोड ओवायचे, द्राक्षाचा रस पीठ घालून आटवायचा आणि माळ त्यात पुनःपुन्हा बुडवून वाळवायची. त्याला म्हणतात चुर्चखेला. ‘‘काका, रंग वरून घातलेला नाही बरं का, सापेरावीचाच आहे!’’ ती म्हणाली.

मी मद्य घेत नाही. पण त्या एका नावापायी मी बरेच वाचन केले आणि एका द्राक्षात देशाचा केवढा इतिहास मावतो ते पाहून थक्क झालो.

सापेरावी म्हणजे रंग देणारे, रंगारी. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीत असतो, गर फिका असतो. सापेरावीचा गरही लालसर, त्यामुळे वाइन जवळजवळ काळी दिसते. पूर्वेकडचा काखेती प्रांत हे तिचे माहेर. तिथल्या ‘मुकुझानी’ची वाइन कोरडी, निदान वर्षभर मुरवलेली, ‘किंझमराऊली’ची गोडसर. द्राक्ष एकच, पण गावाची माती आणि करणाऱ्याची रीत बदलली की चव बदलते.

तिथली जुनी रीत मोठी पाहण्यासारखी. अंड्याच्या आकाराचा मोठा रांजण, आतून मधमाश्यांच्या मेणाने सारवलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा. आपल्याकडे धान्याची पेवे असत, तसाच हा प्रकार. त्याला क्वेव्री म्हणतात. रस, साली, बिया सगळे त्यात आंबते. जमिनीच्या गारव्याने ऊबदार हवेतही ते बिघडत नाही. तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या वाइनचे अंश असल्याचे २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिले. क्वेव्रीच्या रीतीला २०१३ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले.

एवढी जुनी विद्या मात्र गेल्या शतकात धोक्यात आली. सोव्हिएत राजवटीत सरकारी कारखान्यांना हवा होता माल, भरपूर आणि एकसारखा. देशात ५०० हून अधिक देशी जाती. पण लागवड मूठभर जातींचीच वाढली. त्यांत सापेरावी होती म्हणून ती तगली, पण गुणापेक्षा वजनाला भाव आला. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली आणि कित्येक मळे उपटले गेले. दारू सुटावी हा हेतू कोण वाईट म्हणेल? पण वेल उपटला की पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात.

स्वातंत्र्यानंतरही बहुतेक माल रशियालाच जात होता. २००६ साली रशियाने, मालात दोष असल्याचे सांगून, तो बंद केला. त्यामागे राजकारण होते हे उघड होते. बंदी २०१३ पर्यंत टिकली. शेतकऱ्यांचे हाल झाले. मात्र त्याच वर्षांत वाइन करणाऱ्यांनी नवी गिऱ्हाइके शोधली आणि दर्जा सुधारला. बंदी उठल्यावर रशिया पुन्हा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला आहे. धोका सरला असे म्हणवत नाही.

मला यातून एकच गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या पिकाचा गिऱ्हाईक एकच, त्याची चव आणि किंमत तोच ठरवतो. या साऱ्या काळात विद्या टिकली ती मुख्यतः घरोघरी. परसातला वेल, जमिनीतला रांजण आणि पाहुण्यासाठी राखलेली वाइन यांचा हिशेब कारखान्याच्या वहीत नव्हता. विकण्यासाठी जे केले त्याचे भाव चढले, पडले. घरच्यासाठी जे केले त्यातून नातवाला आजोबांची रीत कळली.

आपल्याकडेही घराघरांत वाणांची बियाणी होती. ती किती उरली, हे प्रत्येकाने आपल्या गावी जाऊन विचारावे.